ओंटी पिल्लाचे दोन हजार

ते सगळं ऐकते मी, मास्तर, बागलकोटहून एवढ्या उन्हातून आलात म्हणजे ऐकायलाच हवं — पण आधी सांगा, फाटक लावलंत का? कडी घातलीत? नुसतं ढकलून बसत नाही ते, जरा उचलून घालावी लागते — हां, तशी. मुधोळच्या कुत्र्याला वीतभर फट पुरते, एकदा सुटलं की घटप्रभेच्या काठापर्यंत शिट्ट्या मारत फिरा. बसा आता. बाजेवर बसा, त्या खुर्चीचा पाय गेलाय. मालक नाहीत घरी, बाजाराला गेलेत. येतील तासाभरात. तसे ते असते तरी बोलायचं मलाच होतं, ते हल्ली कुत्र्यांबद्दल कुणाशी बोलत नाहीत. चहा टाकू? नको? मग ताक घ्या. नको कसं, घसा बघा तुमचा, बोलताना चरचरतोय. आणि ह्याला पण पाणी ठेवते, थांबा — ये रे, ये. काय नाव ठेवलंत म्हणालात? तुफान. बरं आहे. आमचे लोक टायगर नाहीतर लायन ठेवतात, कुत्र्याला एक जनावर कमी पडतं जणू.

वाढवलात मात्र छान. छाती बघा कशी खोल भरलीय, पोट आत, मागचे पाय — बापावर गेलाय, अगदी बापावर. आणि तुम्ही म्हणता ह्याला दुखणं आहे. कुठं आहे दुखणं? एक अंड खाली आहे, एक पोटातच राहिलंय, एवढंच ना? लाजू नका, मास्तर, माझी बत्तीस वर्षं कुत्र्यांत गेली, मला काय लाज. आणि ते तर पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू तुमच्या हातात दिलं तेव्हाच सांगितलं होतं. ह्याच कट्ट्यावर. आमच्या मालकांनी तुमचं बोट धरून तिथं लावून दाखवलं होतं — तेव्हाही तुम्ही कानापर्यंत लाल झाला होतात — आणि म्हणाले होते, ओंटी आहे बघा, ओंटी. म्हणजे एकटी. एकाच गोटीचा. लपवून नाही दिलं आम्ही. उलट — बरं, राहू दे ते.

ती चिठ्ठी दाखवा. मला वाचता येत नाही, तुम्हीच वाचा, मी ऐकते. रक्ताची तपासणी. हं. सोनोग्राफी — कुत्र्याची सोनोग्राफी! माझ्या सुनेची दोन्ही खेपांना मिळून एकदा झाली. मग? भूल. ऑपरेशन. टाके. गळ्यात घालायचा तो भोंगा, त्याचेही वेगळे पैसे? आणि सगळे मिळून साडेचौदा हजार. साडेचौदा! अहो मास्तर, तुम्ही हंगामी शिक्षक, तीन-तीन महिने पगार होत नाही असं तुम्हीच तेव्हा सांगत होता, आणि तो डॉक्टर तुम्हाला कुत्र्याच्या एका गोटीचे साडेचौदा हजार सांगतो. दोन्हीचे? दोन्ही काढायच्या? जी बरी आहे, खाली आहे, तीसुद्धा? मग राहिलं काय त्याच्याकडं.

मी सांगू का, काही करू नका. खरंच. घरी न्या, एरंडेल कोमट करून रोज संध्याकाळी मांडीच्या आतून चोळा, वरून खाली, वरून खाली, उतरलं तर उतरलं. नाही उतरलं तर पोटात राहू दे, मागतंय का ते तुमच्याकडं खायला? आणि अर्धे पैसे आम्ही द्यावे म्हणताय, तर — मालकांना विचारा हो, मी काय सांगणार. पण विचारूच नका. आमच्याकडून दीड वर्षापूर्वी पिल्लू गेलं, तेव्हा खात होतं, पळत होतं. शेरडू विकलं आणि दीड वर्षानं त्याला खोकला झाला तर कोण विकणाऱ्याच्या दारात जातं? तुम्ही आलात. रागानं नाही म्हणत. थकलेय जरा, एवढंच. आठ-दहा दिवस झोपेचं खोबरं झालंय.

अहो, त्याला घ्या तिकडून. तुफान! ए! त्या दाराशी जाऊ देऊ नका त्याला. साखळी आखूड करा. आत — आत माजावर आलेली कुत्री आहे. होय, म्हणून हुंगतोय. वयात आलाय तो, हुंगणारच. बांधा त्या कडुलिंबाला, चांगली दोन वेढ्यांनी बांधा.

ओंटी म्हणजे काय दोष नव्हे, मास्तर, निदान आमच्या गावात तरी नव्हता. तो फोटो बघा, तुळशीच्या वर लावलाय तो. तो भैर्या. तुमच्या ह्याचा बाप. जत्रेच्या शर्यतीत लागोपाठ तीन वर्षं पहिला. तिसऱ्या वर्षी तर दुसरा कुत्रा अर्ध्या वाटेवर होता आणि हा पोचून मालकांच्या पायाशी लोळत होता. हलगी वाजवत घरी आणला त्याला, मी ओवाळलं, खोटं नाही सांगत, ताटात नारळ ठेवून ओवाळलं. तर हा भैर्या ओंटी. जन्मापासून. तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं, पण जिंकल्यावर माणसं जिंकणाऱ्याला उलटापालटा करून बघतात ना — पान खाऊन कुणीतरी म्हणालं, अरे, एकीचंच वजन, म्हणून हा असा सुटतो. हसले सगळे. हसता हसता खरंच धरून बसले. आमच्यात रीत अशी की कुत्री लावायला आणली की पैसे नाही घ्यायचे, विणीतलं पहिलं पिल्लू नराच्या मालकानं निवडून घ्यायचं. आजूबाजूच्या सात-आठ गावांतून कुत्र्या यायच्या भैर्याकडं. आणि पंचेचाळिसाव्या दिवशी आमचे मालक जायचे पिल्लू निवडायला. दुसरा कुणी असता तर नाकाड बघितलं असतं, शेपूट बघितली असती. हे डोळे मिटून बोटानं चाचपायचे. दोन गोट्या लागल्या की ठेवून द्यायचे. एक लागली की उचलून टोपलीत. ओंटी ओंटी निवडून आणायचे, वाढवायचे, परत त्यांच्यापासून पिल्लं. लोकही तेच मागायला लागले — ओंटी आहे का, फकीरप्पा? आहे की. दोन हजार जास्त पडतील.

होय, तुमच्याकडूनही घेतले. माहीत आहे मला. मगाशी तेच जिभेवर आलं होतं. बारा हजारांचं पिल्लू, चौदाला दिलं, ओंटी म्हणून. मीच कनवटीला लावले होते ते.

तुम्हाला कोण म्हणालं की पुढच्या पिढीत उतरतं? तुमचा डॉक्टर? बरोबर म्हणाला. आम्हालाही सांगितलं होतं. पाच वर्षं झाली. मुमताज डॉक्टरबाई म्हणून आहेत आमच्या सरकारी दवाखान्यात, लहानखुरी बाई आहे, पण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते. लस द्यायला आल्या होत्या, भैर्या त्यांच्या पायाशी लोळला, त्यांनी पोट खाजवता खाजवता चाचपलं आणि हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, लगमव्वा, हे पोटात राहिलेलं चांगलं नाही, पोटात ऊब असते, ती ह्याला सोसत नाही, वय झालं की तिथं गाठ धरते. म्हणाल्या, आमच्याकडं पोट उघडायची सोय नाही, धारवाडला नेऊन काढून घ्या, औषधासकट आठ हजार होतील, दोन्ही काढा आणि ह्याच्यापासून पिल्लं घेणं बंद करा. मालकांनी त्यांना चहा दिला. चहा देताना हसत होते. गेल्यावर म्हणाले, बघ, आठ हजार खर्चून स्वतःच्याच पोटावर पाय आणायला सांगते. जत्रेचा पहिलवान आणि त्याला बैलासारखा खच्ची करू? मीही हसले, मास्तर. मी त्यांना काही म्हणाले नाही, असं नाही — मीच म्हणाले, आठ हजारांत गोठ्यावर पत्रे येतील. आले. ते बघा, निळे. चांगले आहेत, गळत नाहीत.

काय? हो, विव्हळल्यासारखं वाटलं तुम्हाला. वाटू दे. ताक घ्या.

तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला काय सांगायचं नाही सांगायचं — अहो, साखळीचा वेढा सैल झालाय, ओढून धरा ना त्याला, दार फोडेल तो! तुफान, बस! बस म्हटलं ना! — नाही आत कुत्री. कुत्री-बित्री काही नाही. गौरी एकच कुत्री आहे आमच्याकडं, ती मागं पिल्लांपाशी आहे. आत भैर्या आहे.

होय. बाप आहे त्याचा. आणि पोरगा बापाच्या दाराशी असा करतोय, जसं — तुम्ही बघताय ना कसं करतोय. गावातले सगळे नर असंच करतात. सहा महिने झाले. आधी त्याचे दोन्ही कुशींचे केस गेले, एकसारखे, वस्तऱ्यानं काढल्यासारखे. आम्हाला वाटलं खरूज, गंधक लावलं. मग त्याला आचळं धरायला लागली. नराला, मास्तर! व्यालेल्या कुत्रीसारखी आचळं. आणि मग एक दिवस बघते तर फाटकाशी पाच-सहा कुत्रे, जिभा काढून, आणि भैर्या मध्ये गप्प उभा, शेपूट पायात. ज्यांना त्यानं तीन वर्षं धूळ चारली त्यांचीच पोरं ती. एक त्याच्या पाठीवर चढला आणि हा — हा काहीच करेना. मी काठी घेऊन धावले. मालकांनी बघितलं आणि घरात निघून गेले.

चहाच्या टपरीवर विचारायला लागले, काय फकीरप्पा, पहिलवानाची बाई झाली म्हणे? लुगडं कधी नेसवतोस? माणसांना मजाच की ती. त्या दिवसापासून त्या खोलीला कडी. मालकांनी त्याला गावातून फिरवायचं सोडलं, टपरीवर जायचं सोडलं, जत्रेला गेले नाहीत ह्या वर्षी. अंबील मी नेऊन ठेवते. ते दारापर्यंत येतात, बाहेरून विचारतात, खाल्लं का? मी म्हणते, खाल्लं. खात नाही तो.

डॉक्टरबाई येऊन गेल्या दोन महिन्यांपूर्वी. मालकांनी मान खाली घालूनच बोलावलं त्यांना. मला वाटलं बोलतील, सांगितलं होतं म्हणतील. त्यांनी पोटाला हात लावला, आणि हात तसाच ठेवून बसल्या. लिंबाएवढं असायचं ते नारळाएवढं झालंय आत. त्या गाठीतूनच म्हणे मादीचं काहीतरी रक्तात उतरतं, म्हणून आचळं, म्हणून तो वास. आणि रक्तच बनायचं थांबलंय. हिरड्या बघितल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. आमचे मालक उठले, दुसऱ्या दिवशी पाडी विकली, पंचवीस हजार घेऊन धारवाडला गेले त्याला घेऊन, मोठ्या दवाखान्यात. गाडीत मांडीवर घेऊन गेले. ते लोक म्हणाले, टेबलावरच जाईल, आता पोट उघडण्यात अर्थ नाही. आठ हजार जड झाले होते तेव्हा. आता पंचवीस घेऊन उभे राहिले तर कुणी घेईना. परत घेऊन आले. पैसे तसेच आहेत त्या पत्र्याच्या पेटीत, त्यांना हात लावत नाहीत.

एरंडेल चोळा म्हणाले ना मी मगाशी? डॉक्टरबाई सांगून गेल्यापासून भैर्यालाही चोळलं होतं. पाच वर्षं चोळलं. काही होत नाही त्यानं. खोटं सांगितलं मी तुम्हाला. अजून सांगतच होते, तुम्ही समोर बसून ऐकत होतात आणि माझं तोंड आपोआप चाललं होतं, दीड वर्षापूर्वी चालत होतं तसं. सवय लागते हो. पिल्लू विकायची एक भाषा असते, ती सुरू झाली की माणूस मागं कुठंतरी झोपून जातं.

गौरीची पाच पिल्लं आहेत मागं, भैर्याच्याच एका पोरापासूनची. काल चाचपली. तीन नर, तिन्ही ओंटी. रविवारी जमखंडीचा एक माणूस येणार होता, त्याला ओंटीच हवीत. देणार नाही म्हणून फोन करून सांगितलं मी त्याला. मालकांना अजून सांगितलेलं नाही. भांडतील की रडतील, कळत नाही. पण नाही देणार. तिन्ही ठेवून घेईन, वयात आली की एकेकाला नेईन डॉक्टरकडं. जमेल तसं. बघू.

आता तुमचं बघा. तुम्ही काय ठरवून आला होतात, मला दिसतंय हो. तुम्हाला वाटलं होतं, आम्ही अर्धे देणार नाहीच, मग तुम्हाला म्हणायला होईल की विकणाऱ्यानंच सांगितलं काही करू नका, बत्तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना, आणि चिठ्ठी खिशात घालून घरी जाल. आणि मनातून हेही असेल — खच्ची नको करायला, दोन-चार कुत्र्या लागल्या तर पिल्लांतून खर्च निघेल. खरं की नाही? मान नका हलवू, मी काय मारणार आहे तुम्हाला? आम्ही दुसरं काय केलं?

उठा जरा. हे धरा. पदराची गाठ आहे, दातानं सोडवावी लागेल — हं. दोन हजार आहेत. तुमचेच. ओंटी म्हणून जास्त घेतले होते ते. मोजू नका. अर्धे नाहीत हे, मला माहीत आहे, पेटीतले देते म्हटलं तर मालकांना विचारावं लागेल आणि आज त्यांना काहीही विचारायचं नाही मला. पुढच्या महिन्यात या, नाहीतर फोन करा, साडेचौदा जमले नाहीत तर सांगा, मी त्यांच्याशी बोलेन. मुमताजबाईंना विचारा, त्या स्वस्तातलं ठिकाण सांगतील. पण काढून टाका. दोन्ही काढा. हा आत्ता दीड-पावणेदोन वर्षांचा आहे, हसतखेळत निघेल टेबलावरून, आठ दिवस भोंगा घालून भिंतींना आपटत फिरेल आणि विसरून जाईल. पहिलवान नाही झाला तर नाही झाला. तुमच्या पायाशी म्हातारा होऊ दे त्याला. मला शब्द द्या, मास्तर. नुसतं बघू म्हणू नका — आम्हीही डॉक्टरबाईंना बघू म्हणालो होतो.

हां. बरं. आता सोडा त्याला कडुलिंबापासून. घट्ट धरा. आवाज येतोय ना मोटारसायकलचा? आमचीच आहे ती. बाजाराला नाही गेले मालक. बाजार गुरुवारी असतो आमचा. डॉक्टरबाईंना आणायला गेलेत. त्या म्हणाल्या होत्या, सोसवेनासं झालं की कळवा, एक इंजेक्शन, झोपल्यासारखं. आज सकाळी मालक धारवाडहून आल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत गेले, पाच मिनिटं बसले, बाहेर आले आणि चप्पल घालून निघाले. कुठं ते मीच ताडलं.

नाही, तुम्ही थांबू नका. त्यांना परक्या माणसासमोर — आणि हा तर भैर्यासारखाच दिसतो, अगदी तेव्हाचा भैर्या. नका दाखवू त्यांना. मागच्या बाजूनं न्या, उसाच्या कडेनं वाट आहे, थेट रस्त्याला लागते. जा तुम्ही. जा म्हणते ना. आणि निघण्याआधी ते पुढचं फाटक उघडून ठेवा, कडी घालू नका. गाडी आत यायचीय.